गाठ नाही, तरी तपासून घ्या

बचत गटाच्या बैठकीत आम्ही स्तनाच्या कॅन्सरचा विषय काढला की बऱ्याच जणी म्हणतात, "गाठ नाही ना, मग कशाला दवाखाना?" म्हणून आज पेशींची गोष्ट सांगतो.

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. स्तनातल्या दुधाच्या नळ्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. धरायचं काम करतं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. त्याचं पेशीबाहेरचं टोक शेजारच्या पेशीचं टोक पकडतं. या पकडीला कॅल्शियम लागतं. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांनी कॅन्सर टळतो, असं मात्र नाही. या जातीची प्रथिनं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधली.

स्तनाच्या लोब्युलर नावाच्या कॅन्सरात बहुतेक वेळा हे प्रथिन नाहीसं होतं. पकड सुटलेल्या पेशी एका जागी न साचता मुंग्यांसारख्या रांगेनं पसरतात. त्यामुळे हाताला गाठ लागेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं? स्तनाचा एखादा भाग जाड किंवा कडक लागतो, कातडी ओढल्यासारखी दिसते, बोंड आत जातं, आकार बदलतो. यातलं काही दिसलं, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. दरवेळी कॅन्सरच असतो असं नाही; पण खात्री तपासणीनंच होते.

सरकारी आरोग्य केंद्रात 30 वर्षांवरच्या बायकांची स्तनाची तपासणी होते. आशाताईंना दिवस विचारा. एकटीला संकोच वाटतो, तर आपण गटानं मिळून जाऊ!