‘शाळा’ : आणीबाणींतील एक कोवळें वर्ष



१० जून १९४० रोजीं मुसोलिनीनें युद्ध पुकारलें. जुसेप्पे तोर्नातोरे यांच्या ‘मालेना’ (२०००) या इटालियन बोलपटाचा आरंभ त्याच दिवसानें होतो. ती घोषणा गांवभर घुमत असते, आणि सिसिलींतील बारा-तेरा वर्षांच्या रेनातोला त्याच दिवशीं सायकल मिळते. त्याच्या लेखीं त्या दिवसाची मोठी गोष्ट सायकल हीच होय! पुढें मालेना नांवाच्या एका रूपवतीवर तो दुरूनच जीव लावतो. गांव तिचा छळ करतें, आणि तो पाहत राहतो. लायोश कोल्ताय यांच्या कॅमेऱ्यानें टिपलेलें तेथील ऊन विसरतां येत नाहीं.

या जातीचा बोलपट मराठींत आहे काय, असें कोणी विचारल्यास मी ‘शाळा’चें नांव घेईन. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. सुजय डहाके यांनीं दिग्दर्शित केलेला बोलपट २०१२ सालीं पडद्यावर आला. मराठींतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. येथें युद्ध नाहीं. पण १९७५ ची आणीबाणी आहे. नववींतील मुकुंद जोशी एका मुलीवर लुब्ध होतो, एवढेंच कथानक. ही मुलगी त्याच्या मनांत ‘शिरोडकर’ म्हणूनच वावरते. हजेरीपटावर आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास हें फार खरें वाटलें. वर्गांत सारीं मुलें आडनांवांचीं. पण तेंच एक आडनांव एखादा मुलगा मनांतल्या मनांत किती निरनिराळ्या सुरांत उच्चारीत असेल, हें हजेरी घेणाऱ्या मास्तराला कोठून ऐकूं येणार?

डिएगो रोमेरो या परदेशी छायालेखकानें गांवाबाहेरची अर्धवट बांधलेली इमारत, शेतांतून जाणारी वाट, वर्गांतला मवाळ उजेड हीं सारीं इतक्या मायेनें टिपलीं आहेत कीं, ‘इतकें गोड कशाला?’ असें क्षणभर वाटतें. परंतु हें सौंदर्य मुकुंदाच्या डोळ्यांतलें आहे. तो जेथें पाहतो तेथें उजेड पडतो. जेथें त्याचें लक्ष नाहीं, तेथें वडील माणसें दबक्या आवाजांत बोलत असतात. भीति चित्राच्या कडेला उभी राहते, मध्यभागीं येत नाहीं.

त्या वर्षीं मी स्वतः दहावींत होतों. घरीं राजकारणाचा विषय निघाला कीं, वडील उठून खिडकी लावीत. खिडकी कां लावली, हें कोणी सांगत नसे. आणि प्रेम म्हणजे काय, हेंही कोणी सांगत नसे. दोन्ही गोष्टी कुजबुजीच्याच. मुकुंदाचा नरूमामा मोकळेपणानें बोलतो, म्हणून तो मुलाला देवासारखा वाटतो.

कादंबरींतील पोरांची रांगडी, प्रसंगीं शिवराळ भाषा पडद्यावर बरीच सौम्य झाली आहे, हें मात्र मला रुचलें नाहीं. अखेर शिरोडकर गांव सोडून जाते. कांहींच घडलें नाहीं, असें वडील माणसांना वाटतें.

‘मालेना’ मुलांसमवेत पाहण्याजोगा नाहीं. ‘शाळा’ मात्र नववींतल्या मुलामुलींना शेजारीं बसवून पाहावा. बोलपट आधीं कीं कादंबरी, असें विचाराल तर बोलपट आधीं. पुस्तक मुकुंदाच्याच तोंडून ऐकूं येतें, आणि तें एकट्यानें वाचावयाचें आहे.