पोटाचे दुखणे आणि जगण्याचे मोजमाप
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या जुन्नर-आंबेगावकडे कोणी कोणाची खुशाली विचारली की “बरं आहे” हेच उत्तर येते. पोटात आग पेटलेली असली तरी ते बदलत नाही. या “बरं आहे”च्या आड काय दडलेले असते आणि ते मोजता येते काय, हा विषय आम्ही आज घेतला आहे.

पोटाच्या विकारांत दुखणे व तपासणी यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. डॉक्टर ज्यास आयबीएस म्हणतात, त्या विकारात दुर्बिणीतून आतडे निर्दोष दिसते. तरीही तो रोगी घोडेगावहून मुंबईच्या एस.टी.त बसण्यास धजत नाही. वाटेत शौचास लागले तर काय, ही धास्ती. लग्नाची पंगत तो निमित्त काढून टाळतो. घरचे म्हणतात, “रिपोर्टात काही नाही, म्हणजे मनाचे खेळ आहेत.” या एका वाक्याने रोग्याचे निम्मे बळ खचते.

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आहे. तिला धरूनच पुढे रोग्याची स्वतःची साक्ष मोजण्याची साधने निघाली. १९९५ साली जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट आयपाश व त्यांचे सहकारी यांनी पचनविकारांसाठी ३६ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांविषयी असतात; प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण १४४. गुण जितके अधिक, तितके जगणे सुखाचे. त्यात दुखणे, ढेकर, जळजळ आहेतच. शिवाय झोप, थकवा, उदासी, आवडत्या पदार्थांस मुकणे, आप्तेष्टांशी संबंध व दांपत्यजीवन यांचीही विचारणा आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर हेच प्रश्न विचारले, म्हणजे टाके भरले एवढेच नव्हे, तर मनुष्य सावरला काय, हेही कळते.

परंतु प्रश्न परक्या भाषेतून आणताना फार जपावे लागते. आपल्याकडे “गॅस” हा एकच शब्द पोट फुगणे, ढेकर येणे आणि छातीत भरल्यासारखे वाटणे या तिन्हींसाठी चालतो. “पित्त” म्हटले की कोणास मळमळ आठवते, कोणास डोकेदुखी. म्हणून भाषांतर करावे, दुसऱ्याकडून ते मूळ भाषेत उलट करवून ताडून पाहावे, आणि मग रोग्यांनाच विचारावे, “यातून तुम्हांस काय समजले?” खाण्यावरील बंधनाचा प्रश्न विचारताना एकादशीचा उपवास व दुखण्याचे पथ्य यांची गल्लत होऊ देऊ नये. सुनेस सासूच्या देखत विचारले तर उत्तर पुन्हा “बरं आहे” हेच येणार; तिला एकांतात विचारावे. ज्यास वाचता येत नाही, त्यास प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवावा, उत्तर सुचवू नये.

खोडदच्या परिसरातील रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातील अतिक्षीण लहरी टिपतात. घरातील माउलीची क्षीण तक्रार टिपण्यास एवढे यंत्र लागत नाही. एक कागद, अर्धा तास आणि ऐकणारा माणूस पुरतो.

मात्र हे गुण म्हणजे रोगनिदान नव्हे. शौचावाटे रक्त पडणे, डांबरासारखे काळे शौच होणे, अकारण वजन घटणे, घास गिळताना अडकणे, यांपैकी काही दिसले तर प्रश्नावली बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

आपल्या मंडळाने आरोग्य शिबिर भरविले, तर वजनकाट्याशेजारी असा एक कागदही ठेवावा, अशी आमची विनंती आहे. तोवर प्रत्येक घराने एवढे करावे: पोटाची तक्रार करणाऱ्यास “रिपोर्ट काय आला?” हे जरूर विचारावे, पण त्याआधी विचारावे, “या दुखण्यापायी तुझे काय काय सुटले?” आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.