आईविना मूल आणि घरात आलेली बाई

नागपुरात वर्धा मार्गालगत मनीषनगर नावाची वस्ती आहे. सकाळी तिथं मुलं सांभाळणाऱ्या बाया कामावर येताना दिसतात. एखाद्या घरी नुसता बाप आणि लेकरू असतं. बाई लेकराला भरवते, निजवते, त्याच्या तापात उशाशी बसते. वर्ष-दोन वर्षांत त्या दोघा मोठ्या माणसांत काही जिव्हाळा उपजला, तर नवल ते काय? शेजारी मात्र महिन्याभरातच निकाल देऊन मोकळे होतात!

ऑस्ट्रियातली हकीकत पाहा. गेओर्ग फॉन ट्राप या विधुर नौदल अधिकाऱ्याला सात मुलं. १९२६ साली मठातली मारिया नावाची तरुणी त्यांच्या आजारी मुलीला शिकवायला आली. १९२७ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे तिनंच मोकळेपणानं लिहिलं, की लग्नाच्या वेळी तिचं प्रेम मुलांवर होतं. नवऱ्यावरचं प्रेम मागाहून आलं.

आपल्याकडे तंतोतंत असं नाही, पण जवळचं उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचं. १८९१ साली पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. त्या काळी विधुरानं बारा-तेरा वर्षांची मुलगी आणायची, हीच रीत. मुलाला आई पाहिजे, असं म्हणायचं आणि घरात दुसरं मूलच आणायचं! कर्व्यांनी ते केलं नाही. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. मुंबईत ही मंडळी एकमेकांच्या परिचयात होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढलं, तेव्हा गोदूबाई तिथं शिकू लागल्या. १८९३ च्या मार्चमध्ये दोघांचा पुण्यात विवाह झाला.

मला यात गोदूबाईंची ती शाळेतली वर्षं फार मोलाची वाटतात. कुणाच्या घरच्या अन्नावर त्या अडून नव्हत्या. पगारी बाईचं तसं नसतं. मालकानं विचारलं आणि तिला नको असलं, तर नकाराबरोबर नोकरी जाते, आणि लेकराची दुसऱ्यांदा ताटातूट होते. म्हणून मी म्हणेन, बापानं घाई करू नये. आधी तिच्या पोटापाण्याची दुसरी सोय असावी, तिच्या माणसांना ठाऊक असावं, मग शब्द काढावा. आणि शिक्षकबंधूंनो, असं मूल तुमच्या वर्गात असेल, तर ‘ही तुझी कोण?’ असं चारचौघांत विचारू नका. तेवढं तरी आपल्या हाती आहे.

लग्नानंतर कर्व्यांवर त्यांच्या मुरुड गावानं बहिष्कार घातला. गोदूबाईंना पुढे सारे बाया कर्वे म्हणून ओळखू लागले, आणि ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे. रघुनाथ वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला.