नेम आणि काडतूस



कविता लिहिणारा माणूस आज काडतुसांवर बोलणार, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण मला एक चूक कबूल करायची आहे, आणि ती काडतुसांशिवाय सांगता येत नाही.

आम्ही कोल्हापूरचे. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला नेमबाजीतले जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. माझी भाची त्या वेळी लहान होती. पुढे तीही शूटिंग रेंजवर जाऊ लागली. आधी दहा मीटरची एअर रायफल, मग पन्नास मीटरची पॉइंट टू टू. रायफल क्लबची, गोळ्यांचा खर्च मात्र घरचा. माझ्या मेहुण्याचे छोटे गॅरेज आहे. महिन्याच्या हिशेबात किराणा, वीजबिल आणि काडतुसे अशी तीन नावे असत.

चार वर्षांपूर्वीच्या हंगामात तिचे गुण घसरू लागले. एक गोळी मध्यभागी, पुढची अकारण बाजूला. एका स्पर्धेत तर ती पार मागे पडली. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो आणि वडीलकीच्या नात्याने तिला बरेच ऐकवले. “बेटा, मन थाऱ्यावर नाही तुझं. हातातला मोबाईल कमी कर.” ती एवढेच म्हणाली, “हो, मामू.” आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला, “भाईजान, पोरगी रेंजवर जायचं बंद करते म्हणतेय.”

तिच्या प्रशिक्षकांनी मात्र तिला उपदेश केला नाही. त्यांनी विचारले, “गोळ्या कुठल्या लॉटच्या?” तिने डब्या पाहिल्या. कंपनी एकच, नाव एकच, पण डबीवर छापलेले लॉट नंबर दोन वेगवेगळे. जिथून मिळतील तिथून घेतलेल्या डब्या त्या.

मग एका रविवारी, वारा पडलेला असताना, सरांनी तपासणी ठेवली. मीही गेलो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली. एका लॉटच्या दहा गोळ्या एका कागदावर, दुसऱ्या लॉटच्या दहा दुसऱ्या कागदावर. पाचवर भागत नाही का, असे मी विचारले. सर म्हणाले, “पाच गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. दहा दहाचे चार कागद झाले, की नशीब बाजूला होतं.” लॉट बदलला, की आधीच्या काही गोळ्या ते मोजतच नव्हते. गोळीवर मेणासारखे वंगण असते, त्याचा थर नळीत बसायला थोडा वेळ द्यावा लागतो.

पहिल्या लॉटच्या दहा गोळ्या सुमारे चौदा मिलिमीटरच्या घेरात पडल्या. दुसऱ्या लॉटच्या सत्तावीसच्या. चारही वेळा थोड्याफार फरकाने तेच.

हा फरक केवढा, तेही सरांनी कागदावर काढून दाखवले. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. तिची कड वर्तुळाला नुसती लागली तरी दहा गुण. म्हणजे गोळ्यांचे मध्य सोळा मिलिमीटरच्या घेरात राहिले, तर सगळे दहाच. चौदाचा लॉट त्यात मावतो. सत्तावीसचा मावत नाही. नेम बिनचूक धरला, तरी काही गोळ्या नऊवर जाणारच.

आणि एका गुणाची किंमत काय असते? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ६०० पैकी ५९० गुण मिळवून सातवा आला, अंतिम फेरीत गेला आणि कांस्यपदक घेऊन परतला. त्याचाच सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावा राहिला आणि बाहेर पडला.

एकाच कारखान्यातल्या गोळ्यांत असा फरक का पडावा? या काडतुसात ठिणगी देणारे रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. ते सगळीकडे सारखे बसले नाही, दारू कणभर कमीजास्त झाली, तर गोळीचा वेग बदलतो. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर गोळी साधारण सात मिलिमीटर खाली-वर लागते. अंतर वाढले, की हा फरक झपाट्याने वाढतो. जास्त वेगाची गोळी घ्यावी, असेही नाही. ध्वनीच्या वेगाची वेस ओलांडताना गोळी डळमळते. म्हणून स्पर्धेच्या गोळ्या मुद्दाम त्या वेगाच्या आत ठेवतात.

त्यातून प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. शेजारच्या रायफलला मानवलेला लॉट आपल्या रायफलला मानवेलच असे नाही. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातात, ती शिकंजात आवळून एकेक लॉट तपासतात आणि जुळला तो हंगामभराचा उचलतात. आपण साडीसाठी एकाच रंगकामाचे सूत घेतो, तसेच हे.

चांगल्या लॉटच्या मोजक्याच डब्या शिल्लक होत्या. मेहुण्याने जुनी स्कूटर बदलण्यासाठी ठेवलेले पैसे काढले आणि क्लबमार्फत त्या घेतल्या. मी हिस्सा देऊ केला. तो म्हणाला, “भाईजान, पैसे राहू द्या. तुम्ही फक्त तिच्याशी बोला.”

मी बोललो. “बेटा, मी चुकलो,” म्हणालो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे तीन शब्द जड जातात, हे त्या दिवशी कळले.

पुढची स्पर्धा तिने जिंकली, असे तुम्हांला वाटत असेल. तसे झाले नाही. गुण वाढले, पदक आले नाही. मला वाईट वाटले. ती मात्र कागद दाखवत हसत होती. “मामू, हा नऊ बघा. इथे मी श्वास घाईत सोडला. आणि हा दुसरा, इथे वाऱ्याचा झेंडा बघायचा राहिला. हे माझे नऊ आहेत.”

चांगले काडतूस कशासाठी निवडायचे, ते मला तेव्हा समजले. ते आपल्या चुका झाकत नाही. आपल्या नसलेल्या चुका तेवढ्या बाजूला काढते. उरतात त्या आपल्या, आणि त्या सुधारता येतात. वर्गात, कारखान्यात, घरात एखादे लेकरू मागे पडलेले दिसले, तर ‘मन लाव’ म्हणण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिले आहे, ते एकदा पाहावे. मी ते पाहिले नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)