मृदु संगीताची निवड

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. संगीत हा आपणां सर्वांच्या आवडीचा विषय आहे. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते संगीताच्या थोरवीविषयी नव्हे, तर ज्यांना ते सोसत नाही अशा आपल्याच माणसांविषयी.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. आमचा एक नातू वाजंत्री सुरू होताच कानांवर हात ठेवून ओरडत असे. 'लाडावलेले पोर' असा निवाडा आम्ही देऊन टाकला, आणि सवय व्हावी म्हणून घरच्याच एका लग्नात त्यास मुद्दाम बँडाजवळ उभे केले. त्यानंतर दोन वर्षे तो कोणत्याही समारंभास आला नाही, आणि त्याच्यापायी त्याची आईही घरीच राहिली. पुढे तज्ज्ञांनी उलगडा केला तेव्हा आम्हास कळले की, दोष मुलाच्या वळणाचा नव्हता. आमच्या अज्ञानाचा होता.

ही संवेदनशीलता खरी असते, तो हट्ट नव्हे. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी स्वमग्न मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातच मोठ्या आवाजाच्या भयाचा उल्लेख आहे. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने संवेदनांची अशी तीव्रता स्वमग्नतेच्या लक्षणांत गणली. अर्धशिशीच्या रोग्यांस, आणि डोक्यास मार बसलेल्यांसही आवाजाचा असाच त्रास होतो. ज्यांना कमी ऐकू येते अशा कित्येक वृद्धांची तऱ्हा तर अशी की, हळू बोललेले कळत नाही आणि मोठ्याने बोलले तर कानठळ्या बसतात. तेव्हा हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही.

मग अशा श्रोत्यासाठी संगीत निवडावे कसे? केवळ 'हळू लावा' म्हणून भागत नाही. कानास बोचतो तो बहुधा आकस्मिक बदल. झांजांचा खणखणाट, ताशाची तडतड, शांत स्वरामागून एकाएकी आलेला ठेका, यांनी मन दचकते. म्हणून स्वर सावकाश चढणारा, लय संथ आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येईल असे संगीत प्रथम घ्यावे. तंबोऱ्यावरील विलंबित आलाप, मंद्र सप्तकातील बासरी, आईच्या तोंडची अंगाई ही त्याची उत्तम उदाहरणे होत.

येथेही सावधगिरी हवी. ख्यालाची मैफल विलंबितात सुरू होऊन द्रुतात संपते आणि ध्वनिमुद्रणाच्या शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो. म्हणून आरंभीचा भाग तेवढाच ऐकवावा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा गळा मधुर खरा, पण पट्टी उंच, आणि जुन्या तबकड्यांची खरखर निराळी. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा आपणांस अभिमान आहे. तरी जवारीचा तोच गुंजारव एखाद्या कानास टोचू शकतो. गोड गळा म्हणजे प्रत्येक कानास सोसणारा गळा नव्हे. मोबाइलवर गाणी लावताना तर दोन गाण्यांच्या मध्येच जाहिरात किंचाळून उठते. म्हणून गाणी आधीच उतरवून घ्यावीत आणि संपूर्ण ऐकून पाहावीत.

निवडीचा अंतिम अधिकार श्रोत्याचाच असावा. प्रथम दोन-तीन मिनिटेच ऐकवावे आणि बंद करण्याची कळ त्याच्या हाती द्यावी. तेच गीत त्याने शंभरदा मागितले तरी कंटाळू नये, कारण ओळखीच्या स्वरात त्यास आधार सापडतो. गोंगाटाच्या जागी कान झाकण्याची साधने जरूर द्यावीत. परंतु ती दिवसभर लावून ठेवल्यास कान अधिकच हळवा होण्याचा संभव असतो, म्हणून याबाबत कर्णतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि ज्यास शांतताच हवी, त्यास शांतता द्यावी.

आता आपल्या समारंभांविषयी. ध्वनीचे माप डेसिबल. ते दहाने वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानास आवाज सुमारे दुप्पट वाटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले असता आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. बंद सभागृहात मात्र भिंती तो परत फेकतात. तेव्हा कर्णे श्रोत्यांच्या तोंडावर बांधून आपण काय साधतो, याचा विचार व्हावा.

मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. संमेलनाचा पहिला तास ध्वनिक्षेपकावाचून व्हावा आणि त्यात एखाद्या मुलीने तंबोऱ्यावर गावे. सभागृहालगतची एक खोली शांत ठेवावी व तेथे जाणाऱ्यास कोणी कारण विचारू नये. आणि वाद्ये केव्हा वाजणार, हे निमंत्रणपत्रिकेतच छापावे, म्हणजे ज्यास बाहेर जावयाचे त्यास आधी जाता येईल. यास खर्च जवळजवळ नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने आपणहून आमच्या खोलीत येऊन तंबोरा छेडण्यास सांगितले. दहा मिनिटे तो दाराशी बसला, नंतर उठून गेला. त्या दहा मिनिटांची किंमत आम्हीच जाणतो. आपल्या ज्ञातीत अशी किती मुले आणि किती माता दाराबाहेर राहिल्या असतील, त्यांना आत बोलावण्याचे पुण्य या मंडळास लाभो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.