आधी पत, मग इसार



रांजणगावच्या कारखान्यांमुळे आपल्या कारेगावात पगार आले, तसे हप्तेही आले. दोन वर्षांपूर्वी मी घरासाठी इसार दिला आणि बँकेने कर्ज नाकारले. मोबाईलचे तीन हप्ते चुकले होते, शिवाय एका मित्राला जामीन राहिलो होतो. मित्र थकला, डाग मला लागला. इसार बुडाला.

त्यातून शिकलो ते सांगतो. बँकांनी कळविलेल्या नोंदींवरून पतमाहिती कंपन्या ३०० ते ९०० गुण देतात. सिबिलसह अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो. तो आधी वाचा. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दररोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे. थकबाकी तडजोडीने मिटवू नका, तशी नोंद राहते. पूर्ण फेडून बेबाकी दाखला घ्या. पैसे घेऊन गुण वाढवून देणाऱ्यांपासून दूर राहा.

पत सुधारायला महिने लागतात. वेळेवर भरलेला हप्ता हेच तिचे औषध. विद्यार्थ्यांनो, घरचा अहवाल वडिलांना तुम्हीच वाचून दाखवा. शिक्षणाचा तोही उपयोग आहे.