दृष्टी गेल्यावरचे स्वावलंबन

बिदर जिल्ह्यातील हुलसूर हे मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा नांदणारे गाव. अशा गावात उतारवयात एखाद्या गृहिणीची दृष्टी मंदावली, म्हणजे प्रथम तिच्या हातातील काम काढून घेतले जाते. “आत्याबाई, तुम्ही बसा, चटका बसेल,” असे सून म्हणते. त्यामागे माया असते, यात संशय नाही. परंतु काही महिन्यांतच ती बाई पाण्याच्या तांब्यासाठीही दुसऱ्याची वाट पाहू लागते. डोळ्यांनी नेले नव्हते तेवढे स्वावलंबन घरच्या काळजीने नेलेले असते.

अशा वेळी प्रथम कारण शोधावयास हवे. मोतीबिंदू हे आपल्या देशातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण होय. शस्त्रक्रियेने तो काढून कृत्रिम भिंग बसविले, की बहुधा दृष्टी परत येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. उपचाराने उरलेली राखता येते. या विकारात बहुधा बाजूचे दिसणे आधी जाते. समोरचा चेहरा ओळखणारा माणूस पायाजवळच्या बादलीला अडखळतो. त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे.

जेथे दृष्टी परतणार नाही, तेथे घराने शिस्त पाळावी. मीठ-हळदीचे डबे निरनिराळ्या आकाराचे व ठरलेल्या जागी असावेत. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे. अर्धवट दार कपाळावर आदळते. तांब्याच्या काठाच्या आत बोट धरले, की पाणी कोठवर आले ते समजते. भाकरीची जाडी तर नजरेपेक्षा तळहातालाच अधिक कळते.

बाजारातील व्यवहार थोडा कठीण असतो. आजच्या नोटांपैकी शंभराची लांबी १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर आहे. म्हणजे अंतर अवघे ४ मिलिमीटरांचे. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते, पण वापराने उठाव झिजतो. म्हणून प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालण्याची सवय उपयोगी पडते.

चालण्याचेही शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेत १९४४ च्या सुमारास लांब काठीची पद्धत बसविली. डावे पाऊल पडते तेव्हा काठीचे टोक उजवीकडे टेकते, आणि पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते.

वाचनाच्या बाबतीत तर सीमेवरील गावाला एक विशेष सोय लाभली आहे. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठीचा ‘क’ आणि कानडीचा ‘क’ यांची खूण एकच आहे. डोळसाला दोन लिप्या शिकाव्या लागतात. बोटांना मुळाक्षरांच्या खुणा बहुतेक एकदाच शिकाव्या लागतात.

गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई (१९१४–२०१०) या दोघा दृष्टिहीन गायकांनी अनेक अंध मुलांना संगीत शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले. प्रत्येक घराला आश्रम होता येणार नाही. परंतु आत्याबाईंच्या हातची परात काढून घेण्यापूर्वी, ती त्यांना हवी आहे काय, एवढे विचारणे प्रत्येक घराला शक्य आहे.